बुडण्याइतकं पाणी

पुण्यातला पुतण्या मला फोनवर व्हिडिओ पाठवतो. ख्रिस्ती धर्म मूळ शिकवणीपासून कधी ढळला, कुणी ढळवला, याचे. एक जण म्हणतो, रोमच्या बादशहानं धर्म आपलासा केला आणि तिथंच घात झाला. दुसरा म्हणतो, बादशहा फार नंतरचा, पहिल्या शंभर वर्षांतच रस्ता चुकला होता. पुतण्या खाली लिहितो, "काका, तुमचं मत?" मी दोन जोडलेले हात पाठवून मोकळा होतो. पोरगं हुशार आहे, त्याच्यावर माझा राग नाही. राग येतो तो व्हिडिओत बोलणाऱ्यांच्या डोळ्यांतल्या चमकेचा, कारण ती चमक माझ्या ओळखीची आहे. चोविसाव्या वर्षी ती माझ्याच डोळ्यांत होती, आणि तिच्यापायी मी काय केलं ते पुतण्याला अजून सांगितलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. खरं तर त्र्याहत्तरच्या उन्हाळ्याची, पण आमच्याकडं सगळ्यालाच बहात्तर म्हणतात. वडवणीपासून पायी दीड-दोन तासांवर आमचं गाव. गावाच्या पूर्वेला ख्रिस्ती वस्ती, चौदा घरांची. ओढ्याच्या पलीकडं बौद्ध वस्ती. गावच्या विहिरीवर दोन्ही वस्त्यांना कधी चढू दिलं नव्हतं, त्यामुळं पाणी ज्यानं त्यानं आपापलं शोधायचं. आम्हाला सरकारनं थोडी पडीक जमीन दिली होती. तिच्यावर चौदा घरांनी मिळून सामुदायिक शेतीची सहकारी सोसायटी काढली आणि स्वतःच्या हातांनी विहीर खणली. ती विहीर म्हणजे आमचा सगळा तोरा होता.

माझे वडील, त्यांना मी आबा म्हणायचो, मंडळीचे पाळक होते. मंडळी म्हणजे आमची उपासनेला जमणारी माणसं. मातीच्या भिंतीचं, पत्र्याचं आमचं मंदिर, आणि त्यात आबांनी तीस वर्षं लग्नं लावली, माती दिली, पोरांच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मे दिले. मी शिक्षकाचा कोर्स करून नोकरीची वाट बघत बसलो होतो. वस्तीत सगळ्यात जास्त शिकलेला मी, म्हणून सोसायटीचा सेक्रेटरीही मीच. ठराव लिहिणं, सह्या घेणं, आणि त्या वर्षी सगळ्यात मोठं काम म्हणजे पाण्याची पाळी लावणं. विहिरीच्या तळाशी दोन झरे तेवढे जिवंत होते. रात्रीतून साचायचं ते सकाळी उपसायचं, दिवसात साचायचं ते संध्याकाळी. घरटी चार घागरी, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. मी यादी हातात घेऊन नावं पुकारायचो आणि बाया एकेक पुढं यायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आबांची धाकटी बहीण, माझी आत्या, त्याच वस्तीत राहायची. नवरा जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हा आत्यानंच मला न्हाऊ-माखू घातलेलं. सोसायटीत तिच्या नवऱ्याचं नाव होतं. त्याच्यापुढं मी 'मयत' असं लिहून ठेवलं होतं. तिचं नाव वारस म्हणून लावायचा कागद माझ्या पेटीत पडून होता. आज करू, उद्या करू. त्या उन्हाळ्यात तिची एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दोघी बायका, घरात कर्ता माणूस नाही, आणि चार घागरी.

फाल्गुन सरताना तो उपदेशक आला. जालन्याकडचा माणूस. एसटीतून वडवणीला उतरला आणि पुढं चालत आला. किडकिडीत, काळी छत्री, खांद्यावर गुंडाळलेला कापडी पडदा. आम्ही सगळे पाझर तलावाच्या कामावर असायचो. पहाटे जायचं, दुपारी एकला सुकडीची, म्हणजे सरकारी पौष्टिक पिठाची, पुडी घेऊन परत. घरी लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची भाकरी, ती थंड झाली की दाताला दाद द्यायची नाही. मग रिकामी दुपार. त्या रिकाम्या दुपारी तो मंदिरात पडदा टांगायचा.

पडद्यावर वर्षांची शिडी काढलेली होती. खालच्या पायरीवर पहिली मंडळी, साधी माणसं, अनवाणी. वरती एका पायरीवर मुकुट घातलेला रोमचा बादशहा, लाल रंगात. तिथून वर सगळ्या पायऱ्या काळ्या. उपदेशक छत्रीच्या टोकानं एकेक पायरी दाखवायचा. पहिली मंडळी शनिवारी विसावा पाळायची. बादशहाच्या लोकांना सूर्य प्यारा, म्हणून रविवार आला. पहिल्या मंडळीत माणूस जाणता झाल्यावर, आपल्या मनानं पाण्यात उतरायचा आणि पुरता बुडून बाहेर यायचा. पुढं तान्ह्या पोरांच्या कपाळावर चार थेंब टाकून भागवायला लागले. पहिल्या मंडळीत पगारी पाळक नव्हता. आणि पहिल्या मंडळीत कुणाचं काही स्वतःचं नव्हतं, सगळं समाईक होतं.

हे शेवटचं ऐकून मी जागेवरून उठलोच. म्हटलं, "म्हणजे सोसायटीच की! पहिली मंडळी म्हणजे सहकारी सोसायटी होती."

लोक हसले. उपदेशकही हसला. पण माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. इतकी वर्षं आपल्याला काळ्या पायऱ्यांवर उभं केलं होतं, आणि खालची पायरी आपल्या इतक्या जवळ होती! ज्या माणसाला गावच्या विहिरीवर कुणी चढू देत नाही त्याला कुणी सांगावं की मूळ घर तुझंच आहे, तर तो काय करेल? मी त्याच्या मागं लागलो. चार दिवसांत मी त्याच्यापेक्षा जोरात बोलायला लागलो.

आबा दारापाशी बसून ऐकायचे. पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी भाकरी तोडायची थांबवली.

"तेरा दिसांचा व्हतास," ते म्हणाले. "तुज्या आईला ताप व्हता. तरी उभी ऱ्हायली. ह्या हातानं तुला पानी घातलं. ते समदं खोटं व्हय?"

"खोटं न्हाई, आबा. पर मूळचं न्हाई."

पुढं कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मला तेव्हा वाटलं, मी जिंकलो. तीस वर्षांत त्या माणसानं जे जे केलं ते सगळं मी चार शब्दांत रद्द केलं होतं, आणि वर दुसरी भाकरी मागून घेतली.

खरं म्हणजे त्यातल्या किती गोष्टी बरोबर होत्या? पुढं नोकरीत मी मिळेल ते वाचलं. बुडवण्याची रीत जुनी, हे खरं असावं. दिवसाचं प्रकरण उपदेशक सांगायचा तितकं सरळ नाही. बादशहा जन्माला यायच्या आधीपासून रविवारी जमणारे लोक होते. बादशहानं बरंच काही बदललं, आणि बरंच काही आधीच बदललेलं होतं. म्हणजे माणूस खोटारडा नव्हता. अर्धं बरोबर, अर्धं घाईचं. आज हे मी शांतपणे लिहितो. तेव्हा मला शांतपणाचाच राग यायचा.

ओढ्यापलीकडचे एक गुरुजी आमच्या गावच्या शाळेत शिकवायचे. बौद्ध, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तोंडानं तिखट. ते माझं बोलणं ऐकून घ्यायचे आणि पान लावायचे.

"आमच्यात बी हाय की हे," ते म्हणाले. "आमी छप्पन साली आलो. तवापसनं भांडन चालूच हाय. मूळचं कोनतं, मागनं कुनी काय घुसडलं. चालायचंच. पर गड्या, मला एक सांग. तुमच्या त्या पयल्या मंडळीत बुडायला पानी कोन भरत व्हतं?"

"नदी होती तिथं."

"मंग तुमची नदी कुटं हाय?"

मला राग आला. पण प्रश्न वाजवी होता. बुडायला पाणी कुठून आणायचं? ओढा दोन वर्षं कोरडा. विहिरीत उतरून बुडावं तर तळाला घोट्याएवढं पाणी, आणि तेच प्यायचं. तेव्हा माझ्या ध्यानात हौद आला. विहिरीशेजारी जनावरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद होता. जनावरं छावणीला गेलेली, हौद रिकामा. मी सोसायटीची सभा बोलावली आणि ठराव मांडला. प्रत्येक घरानं रोज एक घागर हौदात टाकायची, दहा दिवस. दहा दिवसांत हौद माणूस बुडवण्याइतका भरतो. मग ज्यांची इच्छा आहे त्यांनी बाप्तिस्मा घ्यायचा, आणि नंतर ते पाणी धुण्याभांड्याला पुन्हा सगळ्यांत वाटून द्यायचं. कुणाचं काही जात नाही. मी धरून नऊ जणांचा निश्चय झाला होता. ते नऊ जण सभासद होते किंवा सभासदांचे भाऊ, मुलगे होते. हात वर झाले. ठराव मंजूर.

बायका सभेला येत नव्हत्या. पाणी त्या भरायच्या, हात आम्ही वर केले.

दुसऱ्या दिवशी मी ठराव स्वच्छ अक्षरात उतरवत बसलो होतो, तेव्हा आत्या आली. उभ्या उभ्याच बोलली.

"लेका, माजं घर यातनं सोड. पोरीचे दिस भरलेत. आज हुईल का उद्या. बाळंतिनीला पानी किती लागतं, तुला काय सांगायचं?"

"आत्या, ठराव सगळ्यांना सारखा. एकाला सोडलं तर उद्या चौदा घरं रांगेत उभी राहतील."

"मी कुटं व्हते ठरावाला?"

"तुझं नाव अजून लागलं नाही ना."

"कुनी लावायचं व्हतं?"

मी टाक दौतीत बुडवला. म्हटलं, "लावू की. दहाच दिवस आहेत. विश्वास ठेव, देव बघतोय."

"देव तर बगतूयाच," ती म्हणाली आणि निघून गेली.

एवढं झाल्यावर कुणीही शहाणा माणूस उठून तिच्या मागं गेला असता. मला मात्र वाटलं, आत्याला आबांनी पाठवलं असणार. आमच्या दोघांतल्या भांडणात तिला पुढं केलं असणार. म्हणून मी उलट जास्त कडक झालो. रोज संध्याकाळी मी हौदापाशी उभा राहायचो आणि नावं पुकारायचो. आत्या चारातल्या तीन घागरी घरी न्यायची आणि चौथी हौदात ओतायची. माझ्याकडं बघायची नाही. उन्हानं पाणी उडू नये म्हणून मी हौदावर ताडपत्री घातली होती. तुरीच्या काटकीवर खूण करून रोज खोली मोजायचो. उपदेशकानं बजावून ठेवलं होतं, अंगाचा कुठलाही भाग कोरडा राहता कामा नये. कपाळ, टाच, कोपर, काहीही. त्या खुणेपाशी पाणी पोचायला दहावा दिवस उजाडला, आणि तो शुक्रवार होता. विसाव्याचा शनिवार नेमका जुळून आल्याचा मला केवढा आनंद झाला!

शनिवारी सकाळी सगळी वस्ती हौदाभोवती जमली. कामाला त्या दिवशी कुणी गेलं नाही. सकाळची पाण्याची पाळी मी कार्यक्रमानंतर ठेवली होती, कारण बाया घागरी घेऊन मध्ये मध्ये आल्या असत्या तर गोंधळ झाला असता. आबा आले नव्हते. ते मंदिराच्या पायरीवर बसले होते, तिथून हौद दिसायचा. उपदेशक धोतर खोचून पाण्यात उतरला. पाणी त्याच्या मांडीच्या वर येत होतं. माणसानं गुडघे टेकायचे, मग त्यानं पाठीला हात देऊन मागं झोपवायचं, असं ठरलं होतं. प्रार्थना झाली. भजन सुरू झालं.

तेवढ्यात आत्या आली. कमरेवर एक घागर, हातात एक. धावत आली असावी, पदर खांद्यावरून उतरला होता.

"पोरगी पहाटेपासनं कळा देतीय," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही, सगळ्यांनाच म्हणाली. "सुईन बसलीय. रांजनात थेंब न्हाई. कालची घागर हितं ओतली. दोन घागरी काढू द्या."

भजन थांबलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण यादी माझ्याकडं असायची. उपदेशक पाण्यातून म्हणाला, "घेऊ द्या ना बाईंना." तो सहज बोलला. त्याला काय माहीत, मी त्या खुणेसाठी दहा दिवस काय केलं होतं? सगळ्यांसमोर, आजच्या दिवशी, बरोबर याच वेळी. मला खात्री वाटली की हे मुद्दाम चाललं आहे.

"पाणी काटकीच्या खुणेवर आहे," मी म्हणालो. "दोन घागरी काढल्या तर माणूस बुडणार नाही. अर्धा तास थांब, आत्या. अर्ध्या तासात सगळा हौद तुझा."

हे वाक्य मी म्हणालो. मी शिक्षकाचा कोर्स केला होता. त्या हौदाची लांबी-रुंदी मला तोंडपाठ होती. दोन घागरींनी पाणी किती खाली जातं, हे गणित पाचवीतलं पोरगं करेल. बोटाच्या जाडीएवढंही नाही. ते मी नंतर केलं, त्या सकाळी केलं नाही.

आत्या मागं फिरली नाही. घागरी खाली ठेवून तिथंच उभी राहिली. आता वाटतं, ती परत गेली असती तर घरी काय सांगणार होती? पाणी असूनही मिळालं नाही, हे? ती थांबली, आणि मी मनात म्हटलं, बघा, ऐकलं.

पहिला मीच उतरलो. गुडघे टेकले. उपदेशकानं पाठीखाली हात घातला आणि मला मागं झोपवलं. पाणी थंडगार होतं, दुष्काळात महिनोन्महिने अंगाला न लागलेलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला देव नाही आठवला. नुसतं सुख वाटलं. अंग भिजल्याचं सुख. वर आलो तेव्हा लोक भजन म्हणत होते. मी डोळ्यांवरचं पाणी निपटलं, आणि समोर आत्या. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. माझ्या सदऱ्यातून खाली मातीत गळणाऱ्या पाण्याकडं बघत होती.

दुसरा उतरला, तिसरा उतरला, चौथा, पाचवा, सहावा. प्रत्येकाची साक्ष, प्रत्येकाची प्रार्थना. ऊन वर चढलं. हौदातलं पाणी गढूळ झालं. सहावा बाहेर येत होता तेव्हा आबा मंदिराच्या पायरीवरून उठले. सावकाश चालत आले. आत्याच्या पायाशी ठेवलेली घागर उचलली, हौदाच्या काठावर वाकले आणि घागर पाण्यात तिरकी केली.

मी त्यांचं मनगट धरलं.

धरलं म्हणजे आवळलं. वडिलांच्या अंगाला मी आयुष्यात त्या एकदाच असा हात लावला. घागरीत पाणी शिरल्याचा बुडबुड आवाज येत होता. "आबा, ठराव झालाय," मी म्हणालो.

त्यांनी हिसडा दिला नाही. मनगट तसंच माझ्या हातात ठेवलं.

"सोड," ते म्हणाले. "विधवा उभी हाय."

एवढंच. पण ते पाळक होते आणि मी पाळकाचा मुलगा. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला त्याच क्षणी कळलं, आणि हात आपोआप सुटला. ती कथा मी दर रविवारी पोरांना शिकवायचो. त्या पहिल्या मंडळीत, त्या खालच्या पायरीवर, सगळं समाईक असतानाही भांडण झालंच होतं, आणि ते बाप्तिस्म्यावरून नव्हतं, शनिवारवरूनही नव्हतं. रोजचं अन्न वाढताना काही विधवा वगळल्या जात होत्या, यावरून होतं. म्हणून वाढप नीट व्हावं यासाठी सात माणसं नेमावी लागली. म्हणजे ढळायचं म्हणाल तर तिथंच सुरुवात झाली होती, बादशहाच्या कितीतरी आधी, पंगतीत. मी महिनाभर शिडीवर बोट ठेवून तो बादशहा शोधत होतो.

आबांनी घागर भरून खांद्यावर घेतली. आमच्याकडं पुरुष घागर उचलत नसत, पाळक तर नाहीच. ते पुढं आणि आत्या मागं, दोघं निघून गेले. जाताना ती रिकामी दुसरी घागर तिथंच राहिली.

उपदेशक पाण्यातून बाहेर आला. "हे लोकांच्या वाट्याचं पाणी आहे?" त्यानं मला हळू विचारलं. मी मान हलवली. "मला तुम्ही सांगितलं सोसायटीचं पाणी." ते खरं होतं, मी तसंच सांगितलं होतं. त्यानं धोतर पिळलं, पडदा गुंडाळला आणि उरलेल्या तिघांना हात जोडले. दुपारच्या आत तो वडवणीच्या वाटेला लागला. त्याला मी दोष देत नाही, तेव्हाही दिला नाही. काठावरचे लोक एकेक करून पांगले.

मी ती दुसरी घागर उचलली. हौदातलं नको वाटलं, त्यात आम्ही सहा जण बुडून निघालो होतो. विहिरीत पोहरा सोडला. रात्रीचं साचलेलं पाणी होतं, निवळशंख. ते सगळा वेळ तिथंच होतं. पाळी मीच पुढं ढकलली होती, आणि दोर-पोहरा माझ्याच ताब्यात होता. हौदाच्या नादात ना मला सुचलं, ना माझ्या भीतीनं कुणी बोललं. घागर भरून मी ओल्या कपड्यांनी आत्याच्या घराकडं निघालो. मला तशी सवय नव्हती. पाणी हिंदकळून पाठीवर सांडत होतं.

दारात आबा बसलेले. त्यांनी आणलेली घागर उंबऱ्याच्या आत भरलेलीच ठेवलेली दिसली, कुणी हात लावलेला नव्हता. आतून तान्ह्या पोराचं रडणं आलं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटली, सुखरूप सुटली! मी हसलोसुद्धा असेन.

आत्या बाहेर आली. तिच्या हातात लुगड्याचा फाटका तुकडा होता, कोरडा, रक्तानं कडक झालेला. सुइणीनं बाळाला त्यानंच पुसलं होतं. पाणी यायच्या आधीच ते आलं होतं.

"पोरगी झाली," ती म्हणाली. आवाज साधा होता, रागाचा लवलेश नव्हता. "दोगी बी बऱ्या हायती."

"आत्या," मी म्हणालो. "हे विहिरीचं आहे. स्वच्छ आहे."

तिनं माझ्या खांद्यावरची घागर उतरवून घेतली. मी लहान असताना शाळेतून आल्यावर दप्तर घ्यायची, तशी अलगद. घागर कमरेवर ठेवून ती दारातच थांबली.

"सुईन सांगती," ती म्हणाली, "लेक लई हाका मारत व्हती मला. आई, आई करून. शेवटपर्यंत मारत व्हती. अन् मी तुज्या हौदापाशी उभी."

मग ती आत गेली आणि पायानं दार लोटून घेतलं. मी आबांकडं बघितलं. आबा जमिनीकडं बघत होते, आणि त्यांच्या मनगटावर माझी चारही बोटं अजून उमटलेली होती.